दगडाला जीभ लावणाऱ्या मॅडम

मॅडम दगडाला जीभ लावायच्या. घाटात चालता चालता एखादा तुकडा उचलायचा, ओढणीनं पुसायचा आणि पोरांदेखत जिभेच्या टोकावर टेकवायचा. चिकटला तर त्यात चिकणमाती आहे. पोरं आधी खिदळायची, मग एकेक जण दगड चाटायला लागायचा. शहरातल्या कॉलेजात त्या भूशास्त्र शिकवायच्या आणि सुट्टीच्या दिवशी खुलताबादच्या आसपासच्या हायस्कुलांतून विद्यार्थी शोधत फिरायच्या. त्यातल्याच एका शाळेत मी भूगोल शिकवतो.

गुणपत्रिका त्या बघतच नसत. "मार्क राहू द्या सर. दिवसभर उन्हात चालून संध्याकाळीसुद्धा प्रश्न कोण विचारतं, ते सांगा." असा प्रश्न मंगलनं विचारला होता. दोन काळ्या खडकांच्या मधे हा लाल पट्टा कुठून आला, म्हणून. शेळ्यांमागं फिरून वाढलेली पोर. बारावीनंतर मॅडमनी तिला वसतिगृहात जागा मिळवून दिली, पण तिचे वडील तयार झाले ते माझ्याकडे बघून. "सर म्हणत्यात तर जाऊ द्या," म्हणाले.

पहिल्या वर्षाच्या सुट्टीत ती गावी आली. सरपंचांना मळ्यात बोअर घ्यायचं होतं. आमच्या शाळेची पोरगी जमिनीचं शिकते, ती जागा दाखवील, असं मी त्यांना फुशारकीनं सांगून बसलो होतो.

मंगल मला बाजूला घेऊन म्हणाली, "सर, मला अजून नाय कळत त्यातलं."

"दाखव गं, लाजतेस काय! लोक थांबलेत."

तिनं एका जागी पाय ठेवला. तिथं बोअर मारलं, तर पाण्याऐवजी नुसता फुफाटा उडाला. "फुफाटा काढायचंबी कॉलेज असतंय व्हय?" बायका हसल्या. सरपंचांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, हिला येतं असं तुम्हीच म्हणाला होता ना? मी म्हणालो, "तिलाच वाटत होतं, येतं म्हणून."

हे वाक्य खोटं होतं, हे मी पुढं कित्येक वर्षं कुणाला सांगितलं नाही.

मंगलला घरचे परत कॉलेजात पाठवेनात, म्हणून मॅडम एसटीनं तिच्या घरी आल्या. वडील म्हणाले, "बाई, पोरीचं लई हसू झालं. आता नको." मंगल दारातून ओरडली, "आबा, सरांनीच दाखवायला लावलं!" त्यांनी मान वर केली नाही. "सर खोटं कशाला बोलतील?" मी तिथंच चहाचा कप धरून बसलो होतो.

बाहेर आल्यावर मॅडमनी विचारलं, "सांगणार आहात?" मी चपला शोधत राहिलो.

"मग मीही नाही सांगत," त्या म्हणाल्या. "इथं तुमच्या शब्दावर पोरी घराबाहेर पडतात. तो गेला तर दुसरी येणार नाही. तुम्हाला वाचवत नाहीये मी, हे लक्षात ठेवा."

मंगलचं लग्न झालं, ती बिडकीनला गेली.

पुढं प्रत्येक शाळेत मॅडम पालकांना आधी बजावायच्या, "आमची मुलं पाणी दाखवत नाहीत." निम्मे पालक तिथंच उठायचे. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मग शिकून उपेग काय?" मॅडम म्हणाल्या, "आजोबा, कुठं खणू नये, एवढं तरी कळेल की." राहिलेल्यांतून दर वर्षी एखाददुसरं पोर मी पाठवत राहिलो. एक मुलगी आता भूजलाच्या कामात आहे, एक धरणांच्या जागा तपासते. मॅडम मला कधी टाकून बोलल्या नाहीत. जास्तीचंही बोलल्या नाहीत.

यंदा त्या निवृत्त होऊन लेकीकडे नागपूरला निघाल्या. चिकलठाण्याच्या घरी दगडांच्या पेट्या बांधायला मी गेलो होतो. सुतळीला गाठ मारता मारता म्हणाल्या, "सर, आता पोरींच्या शब्दावर पोरी येतात. तुमचा मोडला तरी चालेल."

दुसऱ्या दिवशी मी मंगलच्या वडिलांकडे गेलो. शेळ्या नुकत्याच आत घेतल्या होत्या. मी सगळं सांगितलं, वाक्यासकट. त्यांनी शेळ्यांच्या दाराला कडी घातली. मग म्हणाले, "मला काय सांगता? मी तर पोरीला खोटं पाडून बसलो." खिशातून मोबाईल काढला, नंबर लावला आणि माझ्या हातात दिला.

"बोला आबा," पलीकडून आवाज आला.

"आबा नाही, मंगल," मी म्हणालो. "मी सर बोलतोय."