तिसरीतली तीन मुले

म्हात्रेबाईंना मी प्रथम पाहिले ते बदलापूरच्या शाळेत रुजू होताना. त्या मुख्याध्यापिका होत्या. माझे कागद पाहून त्यांनी एवढेच विचारले, "तिसरी घ्याल ना? तिसरीला कोणी राजी नसतं."

त्या वर्षी देशभरातल्या विद्यार्थ्यांची चाचणी होती आणि तिच्यात आमची तिसरी होती. बाहेरून निरीक्षक येणार, हजर मुलांतून चिठ्ठ्या टाकून काही जण निवडणार. वर्गातल्या तिघांना वाचता येत नव्हते. शाळेचे नाव खाली जाऊ नये म्हणून आदल्या दिवशी मी त्यांना सांगितले, उद्या येऊ नका. असे पुष्कळ ठिकाणी करतात, हे मी ऐकून होतो.

सकाळी बाईंनी हजेरी पाहिली. "तिघंही मांजर्लीच्या वस्तीतली. एकदम आजारी पडली?"

बाई रिक्षा करून स्वतः गेल्या आणि चाचणीआधी तिघांना घेऊन आल्या. त्यांतली सोनी दारातूनच ओरडली, "सर, तुम्हीच बोललात ना, कल छुट्टी है!"

निरीक्षक हसले. चिठ्ठीत सोनीचेच नाव निघाले. तिने प्रश्न न वाचता प्रत्येक ओळीतला उत्तराचा एक गोल नीट रंगवला.

दुपारी बाईंनी मला बोलावले. मला नोकरी जाण्याची भीती होती. त्या म्हणाल्या, "सर, त्यांना वाचता येत नाही हे तुम्हांला ठाऊक होतं. मग ते मला का नाही सांगितलंत?" दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटल्यावर आम्ही दोघे त्या मुलांजवळ बसू लागलो. सोनी मार्चपर्यंत वाचू लागली. एक मुलगा चौथीतही अडखळत होता.

पुढे शिक्षकांच्या बैठकीत एका मुख्याध्यापकांनी टोमणा मारला, "बाई, रिक्षात घालून कच्ची पोरं आणलीत म्हणे!"

"मग? ती काय तुमच्या शाळेची होती?" बाई म्हणाल्या. माझे नाव त्यांनी तिथे घेतले नाही. नंतरही कुठे घेतले नाही. आज ते मीच सांगतो आहे.

बाईंना यंदा साठ वर्षे पूर्ण होत आहेत. आता ती शाळा माझ्याकडे आहे. चाचणी जवळ आली की नवे शिक्षक येतात आणि चाचरत म्हणतात, "सर, वर्गात चार जण वाचत नाहीत." ते हे सांगू शकतात, याचे श्रेय बाईंचे आहे.

बाईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आणि सवड होईल तेव्हा त्यांनी शाळेत यावे. यंदाचे चौघे अजून वाचू लागलेले नाहीत.