बुकित तिमाहवर सुटलेला सोल

मंडळी, आज माझं डोकं सणकलंय.

पुढच्या महिन्यात आम्ही सहा जण स्कॉटलंडच्या डोंगरांत चालायला जाणार, म्हणून सकाळी इथल्या बुकित तिमाह टेकडीवर सराव होता. अर्ध्या चढावर माझ्या बुटाचा सोल अख्खा निघाला. सिंगापूरच्या दमट हवेत कपाटात ठेवलेल्या बुटांची अशीच वाट लागते.

मी हाक मारली. सगळं ठरवणारा आमचा मंदार मागे न बघताच ओरडला, "तू ये गं हळूहळू!"

सोल नाडीने बांधून मी माथ्यावर पोचले, तर तिथे कुणीच नाही. ग्रुपवर फोटो मात्र आला होता, "फुल टीम!" म्हणून.

फोटोत पाच जण होते.

मी तिकीट रद्द करतेय. तिकडच्या धुक्यात माणसं मोजणार कोण? तुम्ही गेला असतात यांच्याबरोबर?