शेतांची नावं आणि ट्रॅक्टरचा पेनड्राइव्ह

आमच्या अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, नोकरीभर शिरूर तालुक्यात टपाल वाटलं. केंदूरच्या बाजूला पत्त्यात घरनंबर कुठला? शेताचं नाव असायचं. चिंचेचं, वाकडं, सुनेचं. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही नावं आणि त्यामागच्या हकिगती म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून लॅपटॉपवर उतरवल्या. एका बोटानं, चार वर्षं.

गेल्या उन्हाळ्यात अपडेट चालू असताना लाइट गेली, बॅटरीनं मान टाकली आणि त्यानंतर लॅपटॉप काही सुरू होईना. दुकानदार म्हणाला, "फॉरमॅट मारावं लागंल. आतलं सगळं जाईल."

दुकानदाराच्या शब्दाला मान डोलावणाऱ्यातली मी नाही. शोधल्यावर कळलं, विंडोजसारखीच लिनक्स नावाची अख्खी सिस्टीम पेनड्राइव्हवर बसवता येते आणि आतल्या डिस्कला हात न लावता लॅपटॉप तिच्यावर चालतो. मला याची भलतीच गंमत वाटली. बटण दाबल्यावर हे यंत्र आधी कुणाकडे बघत असेल, आतल्या डिस्ककडे की पेनड्राइव्हकडे?

घरात पेनड्राइव्ह नव्हता. चुलत्यांच्या ट्रॅक्टरमधला गाण्यांचा पेनड्राइव्ह मागितला. ते म्हणाले, "घेऊन जा. गाणी मोबाइलवर हायती."

डाउनलोड केलेली लिनक्सची फाइल मी ऑफिसच्या लॅपटॉपवरून त्यावर नुसती कॉपी केली. अप्पांच्या लॅपटॉपनं तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. डब्यात पीठ भरलं म्हणजे भाकरी होत नाही, तसंच ते. फाइल उलगडून बसवणारं वेगळं सॉफ्टवेअर लागतं. ते घेतलं. 'पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जाईल' अशी सूचना आली, मी न वाचताच 'ओके' केलं.

काम संपलं तेवढ्यात अप्पा आत आले. पेनड्राइव्ह बघून म्हणाले, "ह्यो ट्रॅक्टरचा का?"

"हो."

ते खाटेवर बसले. शेतांच्या नोंदींची एकुलती एक नक्कल त्यांनी त्या गाण्यांतच ठेवली होती, आणि मला ते सांगितलं नव्हतं.

"अहो, नक्कल घरात ठेवायची ना!"

"घरातली वस्तू सापडती का कवा? ट्रॅक्टरची जागची हलत न्हाई."

मला त्यांचा राग आला, मग त्याहून जास्त स्वतःचा. वाचता येत असून मी वाचलं नव्हतं. अप्पाच मला समजावत होते, "जाऊ दे, पोरी. परत लिव्हीन."

आता सगळी भिस्त आतल्या डिस्कवर. लॅपटॉप चालू करताना एफ बारा दाबलं, कशावरून सुरू व्हायचं ते विचारणारी यादी आली, तिच्यातून पेनड्राइव्ह निवडला. समोर दोन पर्याय आले: 'वापरून बघा' आणि 'इन्स्टॉल करा'. दुसऱ्यानं डिस्क पुसली गेली असती. दोन्ही ओळी मी तीनदा वाचल्या, बोट ठेवून वाचल्या, मग पहिला दाबला.

नखाएवढ्या वस्तूवरून अख्खा पडदा उजळला. डिस्क उघडली. फोल्डर होता. फाइल होती. मी आधी ती मेलवर पाठवली, मग फोनमध्ये घेतली, आणि मगच ओरडले, "अप्पा, परत लिहायला नको! सगळं आहे!"

ते चष्मा लावून बराच वेळ वाचत राहिले. सुनेच्या शेतापाशी थांबले.

"लिव्हलं असतं गं," ते म्हणाले, "पर इचारलं कुणाला असतं? ह्ये सांगणारी म्हातारी माघातच गेली."