म्हशीच्या गाण्यातली शांतता

मी कवितांना चाली लावतो, पण त्या कोणाला गुणगुणता येत नाहीत. एक गळा, एक पियानो आणि मधेमधे मुद्दाम लिहिलेली शांतता, असं माझं काम. अर्जुनी मोरगावात पियानो नाही, म्हणून मी कीबोर्डवर भागवतो. गळा बायकोचा. ती शाळेत शिकवते आणि घरी येऊन माझं तेच ते गाणं न कंटाळता गाते.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, रात्री नाटक असतं. एका वर्षी शेजारच्या गावाने आम्हाला नाटकाआधीची दुपार दिली. सरपंचांनी विचारलं, "नाच आहे का त्यात?"

"नाही."

"बरं. तरी या."

गाणं तळ्यात डुंबणाऱ्या म्हशीवर होतं. पहिल्या कडव्यानंतर म्हैस पाण्याखाली जाते, तिथे मी विराम लिहिला होता. बायको थांबली, मी हात उचलले. लगेच साउंडवाला मंचावर आला, माइकवर टिचकी मारून "हॅलो, चेक" म्हणाला आणि तारा हलवून गेला. बायको पापणीही न हलवता दुसऱ्या कडव्यात शिरली.

दुसरा विराम आणखी लांब होता. सरपंचांनी आमचे गंभीर चेहरे पाहिले, टोपी काढली आणि उभे राहिले. त्यांच्यामागे अख्खी मंडई उभी राहिली. भजीवाल्याने झारा खाली ठेवला.

"कोन मेला गा?" मागून कोणीतरी हळूच विचारलं.

"मालूम नाही. चूप राह्य."

माझा विराम केव्हाच संपला होता, पण एवढी माणसं मान खाली घालून उभी असताना वाजवायचं कसं? सरपंच बसले तेव्हा आम्ही पुढे गेलो. खरं सांगतो, इतकं मन लावून माझं गाणं आजवर कोणी ऐकलं नव्हतं. मी सुखावलो.

तेव्हापासून शोकसभांची बोलावणी येऊ लागली. "ते चूपवालं गाणं पाहिजे," लोक म्हणत.

"अहो, म्हशीवरचं आहे ते, सांगून टाका ना," बायको म्हणाली.

मी सांगितलं. "असू द्या," लोक म्हणाले, "त्याले काय होते."

मग देवरीकडच्या एका गावात तेरवीला गेलो. गेलेल्या म्हाताऱ्याची बायको कीबोर्डला खेटून बसली होती. पहिल्याच विरामाला तिने माझा हात धरून पट्ट्यांवर परत ठेवला.

"थांबून काऊन राहिला?"

"आजी, इथे शांतता आहे."

"घरात तेच आहे बाबू, तो गेला तवापासून. तू वाजव."

मी सगळे विराम सोडून वाजवत गेलो. बायको सूर सांभाळत कशीबशी मागे धावली. गाणं निम्म्या वेळात संपलं. उभं कधी राहायचं ते लोकांना कळलंच नाही.

"आता दुसरं लाव," आजी म्हणाली.

दुसरं बसवलेलं नव्हतं. तेच पुन्हा वाजवलं.