दोरीवरची डायरी

कपाट आवरताना कॉलेजातली डायरी हाती लागली. उघडताच सुक्या बोंबलाचा वास आला. लेकीनं नाक मुरडलं. मी मात्र थेट पनवेलच्या खाडीकाठी, आमच्या अंगणात पोचले.

त्या दिवशी उधाणाचं पाणी घरात शिरून खाटेखाली लपवलेली माझी डायरी भिजली होती. दुपारी कॉलेजातून आले तर आयनं ती मधोमध उघडून बोंबील वाळवायच्या दोरीवर टांगलेली. हातात काठी घेऊन ती कावळे हाकत बसली होती.

मी ती ओढून काढायला धावले. त्यात सगळं खरं लिहिलं होतं. मैत्रिणींना मी नवीन पनवेलला फ्लॅटमध्ये राहते म्हणून सांगते. बाजारात आय मासे विकताना दिसली की रस्ता बदलते. तिच्या लुगड्याच्या वासाची मला लाज वाटते. आयला वाचता येत नव्हतं, एवढंच माझं नशीब.

"काय गो लिवलंस एवढा?" तिनं विचारलं.

"अभ्यास हाय, आये."

"मंग वडू नको. वल्ला हाय अजून, फाटंल."

आणि पान उलटण्याआधी तिनं दोन्ही हात पदराला पुसले. प्रत्येक पानाआधी पुसले.

शाई तेव्हाच पसरली होती. मी काय काय लिहिलं होतं, ते आज धड वाचताही येत नाही. वास तेवढा राहिलाय. आय जाऊन चार वर्षं झाली.

"आई, उन्हात ठेवू का? वास जाईल," लेक म्हणाली.

मी डायरी तिच्या हातातून घेतली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचं तोंड घट्ट बांधलं.