मिस व्हर्लीनची दोन मिनिटं

आमच्या नगर परिषदेच्या सभागृहाचा मला अजून राग येतो. तीन वर्षं दर दुसऱ्या मंगळवारी मी मिस व्हर्लीन टॉलबर्टना गाडीतून तिथे नेत होतो. आमचं चर्च एकच, तिथल्या स्वयंपाकघरात मी त्यांच्या हाताखाली बटाटे सोलतो.

एकतीस वर्षं त्यांनी शाळेच्या भोजनघरात रांधलं. ओहायोतल्या आमच्या वस्तीत त्यांच्या हातचं न खाल्लेला काळा माणूस शोधून सापडायचा नाही. त्यांचा नातू टेव्हिन, बावीस वर्षांचा, दम्याचा. गाडीचा मागचा दिवा फुटला होता म्हणून पोलिसांनी अडवला, कोर्टाची एक तारीख चुकली होती म्हणून कोठडीत टाकला. सकाळी तो मेलेला बाहेर आला. झोपेत शांत गेला, असं पोलीस म्हणाले. कोठडीत कॅमेरा होता, आवाजही टिपायचा. ते रेकॉर्डिंग घरच्यांना मिळत नव्हतं, आणि तीन वर्षांनी पुसून टाकायचा नियम होता.

सभेत प्रत्येक नागरिकाला माइकवर दोन मिनिटं मिळतात. मिस व्हर्लीन उठत, रेकॉर्डिंग मागत, लाल दिवा लागला की थँक्यू म्हणून बसत. सभासदांनी उत्तर द्यायचं नाही, हाही नियमच. अध्यक्ष ब्रँट नेमके तेव्हाच सँडविचचा कागद उलगडायचे. माझी आई म्हणायची तसा मी फार लवकर तापतो, पण तो कागदाचा आवाज ऐकून कोणालाही शिसारी आली असती.

मग चळवळीतली आमची पोरं आली. पोलिसांचे कागद मागवू शकेल असं रहिवाशांचं मंडळ हवं, ही त्यांची मागणी. त्यांची पुढारी इमानी म्हणत होती की मंडळावर फक्त ज्यांची माणसं मेली तेच बसतील, निवडणूक नको. मिस व्हर्लीननी तिला तिथल्या तिथे झापलं.

"माझा नातू मेला म्हणून मला अक्कल आली का गं? दारोदार जा आणि मतं माग. दम लागेल, लागू दे."

पोरगी दोन दिवस फुगून बसली, मग मागणी बदलली. वॉर्डावॉर्डातून लोकच मंडळ निवडतील, असं लिहिलं. तरी परिषदेचे वकील म्हणाले, हे लोकशाहीत बसत नाही, पोलिसांवर अधिकार निवडून आलेल्या परिषदेचाच. मग ती परिषद तीन वर्षं काय करत होती?

मंडळाचा ठराव मतदानाला आला तेव्हा रेकॉर्डिंग पुसायला तीन दिवस उरले होते. ठराव झाला असता तर ते जपून ठेवावं लागलं असतं. नऊपैकी चार सभासद आमचे, पाचवा औषध दुकानदार लिंडक्विस्ट डळमळत होता. त्याच्यासाठी म्हणून चर्चच्या चौदा जणांनी आपापली दोन मिनिटं मिस व्हर्लीनना देऊ केली. आमच्याकडे हे नेहमी चालतं. त्यांनी टेव्हिनबद्दल पंधरा पानं लिहून आणली होती.

ब्रँट म्हणाले, "एकाच बाईला अर्धा तास? लोकशाहीत सगळे सारखे."

मिस व्हर्लीननी वाद घातला नाही. पानं चौदा जणांत वाटली, पहिलं स्वतः वाचलं. मग न्हावी उठला, चर्चमध्ये गाणारी डोरेथा उठली, मी उठलो. माझ्या पानावर टेव्हिन सहा वर्षांचा होता आणि पायऱ्या चढताना धाप लागली की आजीची साडेचार बोटं धरायचा. एक बोट तिचं शाळेच्या यंत्रात अर्धं गेलेलं. नवव्या पानाला लिंडक्विस्टने चष्मा काढून डोळे पुसले.

ब्रँटनी ते पाहिलं. शेजाऱ्याच्या कानाला लागले, आणि त्यांच्यासकट चार जण उठून बाहेर गेले. सभेला सहा सभासद लागतात, आत उरले पाच. दहावं पान हातात घेऊन इमानी माइकपाशी उभी होती. कारकुनाने खाली मान घालून सांगितलं, सभा संपली. बाहेर ते चौघे पार्किंगमध्ये हसत उभे होते. लोकशाही वाचवून आलेली माणसं. मी थुंकलो, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

शुक्रवारी रेकॉर्डिंग पुसलं गेलं. तसं रीतसर पत्र आलं.

निवडणुकीआधीच्या रविवारी ब्रँट मतं मागायला आमच्या चर्चमध्ये आले, सगळेच उमेदवार येतात. प्रार्थनेनंतर तळलेला मासा घेऊन मिस व्हर्लीनच्या टेबलापाशी बसले. तुमच्यासारख्या नागरिकांमुळेच लोकशाही टिकून आहे, असं म्हणत त्यांनी हात पुढे केला.

मिस व्हर्लीननी हात अॅप्रनमध्येच ठेवले.

"तो मला हाक मारत होता का, एवढंच ऐकायचं होतं," त्या म्हणाल्या.

ब्रँटनी गंभीरपणे मान डोलावली. मग माझ्याकडे वळून विचारलं, तिखट सॉस आहे का.