हळदीची चाळीस सेकंदं

अजितकुमार मगदूम सांगलीत विश्रामबागेला सासऱ्यांच्या फोटो स्टुडिओत काम करत. पाटी सासऱ्यांची, कॅमेरे सासऱ्यांचे, राहायची खोलीही दुकानाच्या मागचीच. १९७४ साली सासऱ्यांनी फिल्म काढायचा छोटा कॅमेरा आणि प्रोजेक्टर घेतला. आवाज नाही, एक रीळ तीन-साडेतीन मिनिटांत संपे. पहिली ऑर्डर वडूजचे निवृत्त सुभेदार हंबीरराव यांच्या मुलाच्या लग्नाची आली.

"फिल्म कशी काढू? माणसं रांगेत उभी करून, की लग्न चालंल तशी?" अजितकुमारांनी सुभेदारांना विचारलं.

"चालंल तशी. उभ्या माणसांला फोटू हायत की."

अजितकुमारांना हेच हवं होतं. चार रिळं त्यांनी मनासारखी वापरली. हळदीच्या वेळी नवरीची आई बयाबाई हिला तिच्या बहिणींनी धरून हळद फासली. ती पळाली, नवरी विजयमाला पोट धरून हसली. ती चाळीस सेकंदं त्यांना सगळ्यांत आवडली. भावकीला फेटे बांधत होते तेव्हा मात्र कॅमेरा मांडवाच्या दुसऱ्या टोकाला, पंगतीवर होता.

महिन्यानं भर दुपारी, खिडक्यांवर घोंगडी टाकून, सुभेदारांच्या सोप्यात फिल्म दाखवली. संपल्यावर सुभेदारांचे थोरले चुलतभाऊ नाथाजी उठले.

"हंबीरराव, म्या आल्तो का रं लग्नाला?"

"आवं दादा, असं काय बोलताय!"

"न्हाई, तुझ्या फिल्मवाल्याला इचार. आचारी दिसला, कुत्रं दिसलं, माझा फेटा न्हाई दिसला."

पायताण घालून ते गेले. दोन्ही घरांचं येणं-जाणं थांबलं. आठव्या दिवशी सुभेदार सांगलीला आले. त्यांचं म्हणणं, नाथाजींना फेटा पुन्हा बांधायचा, त्याची फिल्म काढायची आणि आधीच्या फिल्मला जोडायची.

अजितकुमार काही बोलायच्या आत सासरे म्हणाले, "जाऊन या जावईबापू. गिऱ्हाईक म्हणंल तसं. आपलं दुकान हाय, नाटक कंपनी न्हवं."

वडूजला पुन्हा मांडवाचं कापड लावलं. नवरा फौजेत परत गेला होता. विजयमालाला एकटीलाच शालू नेसवून, मुंडावळ्या बांधून कडेला उभं केलं. नाथाजींना फेटा बांधला. ते हात जोडून रीळ संपेपर्यंत जागचे हलले नाहीत.

प्रोजेक्टरच्या चकतीवर चार रिळांपेक्षा जास्त फिल्म मावत नव्हती. नवी घालायची तर जुनी काढावी लागणार होती.

"वरातीतली कमी करू," अजितकुमार म्हणाले.

"वरातीत सगळे पाव्हणे हायत. ती हळद काढा. पंगत बी काढा."

विजयमाला चहा घेऊन आली. सुभेदार बाहेर गेल्यावर हळूच म्हणाली, "भाऊ, आईचं तेवढं ठिवा. आई अशी हसल्याली मी कवा बघितली न्हाई."

"तुमी मामंजींना सांगून बघा."

"मी कशी सांगू? तुमी बापई माणूस, तुमी सांगा."

त्यांनी सांगितलं. सुभेदार म्हणाले, "इहीणबाईचं दात काढणं पाव्हण्यांला किती येळा दावायचं? कापा."

त्यांनी कापलं. तो तुकडा पाकिटात घालून निघताना विजयमालाला दिला. तिनं खिडकीशी धरून पाहिला. नखाएवढी चित्रं, एकाखाली एक.

"ह्यात आई उभीच हाय."

"मशिनवर लावल्याशिवाय हलत न्हाई."

"मशिन कुटं असतंय?"

"सांगलीला, आमच्या दुकानात."

तिनं पाकीट परत दिलं. "मग तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या. मला कोण सोडतंय सांगलीला."

नव्या फिल्मवर नाथाजी खूश झाले. त्यांनी स्वतः चार गावांत शिफारस केली. पुढच्या पाच वर्षांत अजितकुमारांनी तीसेक लग्नांची फिल्म काढली. सगळ्यांत फेटे, जोडलेले हात, न हलणारी माणसं. काय हवं ते ऑर्डर घेतानाच सासरे ठरवून टाकत.

हळदीचा तुकडा अजितकुमारांनी दुकानात एकदा लावला. बयाबाई पळायला लागली तेवढ्यात मागून सासरे म्हणाले, "जावईबापू, प्रोजेक्टरचा दिवा कशाला उगीच जाळताय?"

त्यांनी बटण बंद केलं.